गोषा, पडदा आणि मामाच्या फोनवरचा फॉरवर्ड

मिरजेच्या मामानं गेल्या महिन्यात एका सेतारीचे पडदे 'सुधारले'. सतार नव्हे, सेतार. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या इराणी मैत्रिणीचं वाद्य: तुतीच्या लाकडाचं अर्ध्या पपईएवढं पोट, बारीक दांडी, चार तारा. खुंटी सरकत होती आणि दोन पडदे (दांडीभोवती बांधलेले, सुराची जागा ठरवणारे दोरे) तुटले होते, म्हणून मीच ते मामाकडे पोचवलं. मामानं चाळीस वर्षं सतारीची जवारी काढली आहे. त्याच्यापेक्षा भरवशाचा माणूस मला ठाऊक नाही.

वाद्य परत आलं तेव्हा खुंटी घट्ट, पडदे नवेकोरे. मैत्रिणीनं नखानं तार छेडली, दोन-तीन जागी बोट ठेवलं आणि गप्प झाली. मामानं सगळे पडदे पेटीच्या सुरांना जुळवून बांधले होते. फोन केला तर म्हणाला, "अगं, चार-पाच पडदे भलत्याच ठिकाणी होते. ते लोक बेसूरच असतात म्हणे. वाचलं मी. नीट लावून दिलेत. आणि पैसे नकोत म्हणावं."

वाचलं कुठे, हे विचारायची गरज नव्हती. तो मजकूर माझ्याही तीन गटांत येऊन गेला होता, मी न वाचता पुढे सरकले होते. या वेळी वाचला. दावे असे: इराणी संगीतातली सात दस्तगाह (सुरावटींचे मोठे गट) म्हणजे आपलेच सात राग, त्यांतलं 'शूर' हे नाव शूरवीरांवरून आणि 'माहूर' आपल्या माहूरगडावरून. नक्कल करताना सप्तकातल्या बावीस श्रुती (सूक्ष्म सूर) कळल्या नाहीत, म्हणून ते बेसूर. सतार मात्र अमीर खुस्रोनं इराणहून आणली. १९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतर तिथे संगीत मेलं, वाद्य वाजवणाऱ्याचे हात तोडतात. तिथल्या बायका कधी गायल्याच नाहीत. आणि आजचं इराणी संगीत म्हणजे बॉलिवूडची उचल. शेवटी 'अभ्यासपूर्ण लेख, दहा जणांना पाठवा'.

आधी बेसूरपणाचं बघू, कारण माझ्या मैत्रिणीची सेतार त्यापायी बिघडली.

पेटीवर एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतचं अंतर १०० सेंट धरतात. सा पासून कोमल रे १००, शुद्ध रे २००. होर्मोझ फरहात या इराणी संगीतज्ञाचं दस्तगाह पद्धतीवरचं पुस्तक केंब्रिजनं १९९० साली छापलं. त्यांनी तार आणि सेतार या वाद्यांच्या पडद्यांमधली अंतरं प्रत्यक्ष मोजली, आणि त्यांत दोन अंतरं अशी निघाली जी पेटीवर वाजूच शकत नाहीत: एक साधारण १३५ सेंटचं, दुसरं १६० च्या आसपासचं. म्हणजे कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध कुठेतरी. हे सूर चुकून लागत नाहीत. संगीतकार अली-नकी वझीरींनी विसाव्या शतकात स्वरलेखनासाठी त्यांना चिन्हंही दिली: खाली उतरणाऱ्यासाठी 'कोरोन', वर चढणाऱ्यासाठी 'सोरी'. मामानं हलवलेले चार-पाच पडदे नेमके कोरोनचे होते.

फरहात यांचं पुस्तक आणखी एका कारणानं इथे कामाला येतं. इराणमध्येही सप्तकाचे चोवीस समान तुकडे करणारे होते (स्वतः वझीरीच), आणि बावीस सुरांचा सिद्धांत मांडणारे महदी बरकशलीही होते. बावीस! फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे कळलं असतं तर त्यानं सातवा मुद्दा काढला असता. फरहात दोन्ही सिद्धांत बाजूला ठेवतात. त्यांचं म्हणणं, गणित नंतर करा, आधी वाजवणाऱ्याचा पडदा कुठे बांधलाय ते बघा. सेतारीचा पडदा म्हणजे दांडीभोवती गुंडाळलेला आतड्याचा किंवा नायलॉनचा दोरा. तो सरकतो, आणि सरकवतातही.

आणि पेटीच्या सुराला 'बरोबर' म्हणणाऱ्यांनी एक आठवावं. हीच पेटी श्रुतींचा खून करते म्हणून आपल्या आकाशवाणीनं १९४० ते १९७१ इतकी वर्षं तिला स्टुडिओबाहेर ठेवलं होतं.

आता 'आपलेच राग'. माहूरगडाची रेणुकामाता क्षमा करो, पण नावं सारखी दिसली की नातं सांगायचं ठरवलं तर मग 'नवा' हे दस्तगाह आपल्या 'नवा-जुना'मधून गेलं म्हणायचं का? फारसीत शूर म्हणजे खळबळ, आवेग. खारट या अर्थीही तोच शब्द. शूरवीर तिथे कुठेच नाही.

'शूर म्हणजे भैरवी' हे वाक्य मात्र चांगल्या जाणकारांच्या तोंडूनही ऐकलंय, म्हणून थोडं थांबते. पेटीवर जवळपास तसं दिसतं खरं: कोमल गंधार, शुद्ध मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद. पण शूरचा रिषभ कोरोन आहे, कोमल नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शूरचा पंचम हलतो! खाली येताना तो कित्येकदा उतरतो. आपल्याकडे सा आणि प अचल, हे पहिल्या इयत्तेत शिकवतात. ज्याचा पंचम घसरतो तो राग भैरवी कसा होईल, हे त्या अभ्यासपूर्ण लेखकानं सांगावं. माहूर आणि बिलावल यांचं साम्य मी मान्य करते, चहारगाह ऐकताना भैरव आठवतो हेही. ठीक. पण दस्तगाह म्हणजे एक राग नव्हे, तो रस्ता आहे. 'दरामद'नं आत शिरायचं (कथ्थकवाले 'आमद' म्हणतात, तोच शब्द), मग एकेक गोशा घेत वर चढायचं आणि 'फोरूद'नं घरी परतायचं. गोशा म्हणजे कोपरा. अशा दोनशेहून जास्त छोट्या सुरावटींचा साठा म्हणजे रदीफ. मिर्झा अब्दुल्ला यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो लावून दिला, शिष्यांनी तोंडपाठ केला, आणि २००९ साली युनेस्कोनं तो अमूर्त वारशाच्या यादीत घातला.

मराठी माणसाला तर हे सगळं परकं वाटायलाच नको. दस्तगाह, सेगाह, चहारगाह यांतलं 'गाह' म्हणजे जागा. आपणही गवयानं 'काय जागा घेतली!' असंच म्हणतो. माहूरमध्ये 'दाद' नावाची गोशा आहे, हुमायूनमध्ये 'बीदाद'. दाद म्हणजे न्याय, जी आपण कोर्टात मागतो आणि मैफिलीत देतो. मामा सतारीला बांधतो तो 'पडदा' तिथेही पडदाच. आणि गोशा आपल्याकडे येऊन 'गोषा' झाला, बायकांना कोपऱ्यात बसवण्याचा. शब्द दोन्ही बाजूंनी इतके ये-जा करत होते, तिथे चोर कोण हे शोधणारा माणूस मला खरंच कळत नाही.

अर्धसत्य एक आहे, तेही देऊन टाकते. फिरदौसीच्या शाहनाम्यात (पूर्ण झाला १०१० च्या सुमारास) गोष्ट आहे की बहराम गोर राजानं हिंदच्या राजाकडून दहा हजार लुरी वादक मागवले, कारण गरिबांना वाद्य ऐकायला मिळत नव्हतं. त्यांना पेरायला गहू आणि नांगराला बैल दिले, त्यांनी दोन्ही खाऊन टाकलं आणि राजानं त्यांना भटकायला धाडलं. म्हणजे भारतातून वादक तिकडे गेल्याची आठवण इराणनंच जपली आहे. पण त्यातून दस्तगाह आपली होत नाहीत. वादक मागवणाऱ्या राजाच्या देशात आधी वाद्य ऐकण्याची हौस होती, एवढंच त्यातून निघतं.

सतारीबद्दल दोनच ओळी. अमीर खुस्रो इराणी नव्हता, १२५३ साली आजच्या उत्तर प्रदेशातल्या पटियालीत जन्मला. त्यानं वाद्यांविषयी भरपूर लिहिलं, सतारीचा उल्लेख कुठे नाही. ती दिसायला लागते अठराव्या शतकातल्या दिल्लीत. नाव फारसीच, सेह-तार, तीन तारा. गंमत म्हणजे इराणी सेतारीला आता चार असतात, चौथी मुश्ताक अली शाह या सूफीची म्हणून ओळखतात. आणि सगळं आपल्याकडून गेलं म्हणणाऱ्याच फॉरवर्डमध्ये सतार तिकडून येते, हे दहा जणांना पाठवणाऱ्या एकालाही खटकलं नाही?

आता तो मुद्दा, ज्यानं खरा राग आला. 'तिथे संगीत मेलं.'

बंदी होती आणि आहे. १९७९ च्या उन्हाळ्यात क्रांतीचे नेते खोमेनींनी रेडिओवरच्या संगीताची तुलना अफूशी केली. पॉप बंद झालं, गायक परदेशी गेले, लोकांनी वाद्यं लपवली. आजही अल्बम काढायला, मैफल करायला सरकारी परवाना लागतो. सरकारी टीव्हीवर गाणं ऐकू येतं पण वाद्य दाखवत नाहीत, त्या जागी फुलं नाहीतर निसर्गदृश्य. वाद्य वाजवलं म्हणून हात तोडायचा कायदा नाही, पण गायक महदी यर्राहीला हिजाबविरोधी गाण्यापायी ७४ फटके मारले गेले. रॅपर तूमाज सालेहीला २०२४ मध्ये फाशी सुनावली होती, नंतर ती रद्द झाली. म्हणजे फॉरवर्डनं क्रौर्य वाढवून सांगितलं असंही मी म्हणत नाही. त्यानं क्रौर्य सांगितलं आणि माणसं गाळली.

ती माणसं अशी. १९८३, इराकशी युद्ध चालू, आणि संगीतकार हुसेन अलीझादे बासरीसारख्या 'नेय'साठी आणि तंतुवाद्यांच्या वृंदासाठी 'नेयनवा' रचतात. १९८५, गायक मोहम्मद-रझा शजरियान हाफिजची गझल गातात: कुणात मैत्री दिसेना, मित्रांना झालं तरी काय? संगीत परवेझ मिश्कातियान यांचं, दस्तगाह हुमायून, आणि अल्बमचं नाव 'बीदाद'. गोशेचं नाव आहे म्हणायला मोकळे. ऐकणाऱ्याला अर्थ कळतोच. दाद नाही, अन्याय आहे.

याच शजरियान यांची 'रब्बना' ही प्रार्थना रमजानमध्ये उपास सोडताना घराघरांत ऐकली जायची. २००९ च्या निवडणुकीनंतर राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांनी निदर्शकांना कचरा आणि धूळ म्हटलं, तेव्हा शजरियान म्हणाले, माझा आवाजही त्याच धुळीचा, माझी गाणी तुमच्या रेडिओवर लावू नका. मग रब्बनाही टीव्हीवरून गेली, देशात त्यांच्या मैफली थांबल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये ते गेले तेव्हा तेहरानच्या रुग्णालयाबाहेर लोक जमून गात होते. पुरलं तूसला, फिरदौसीच्या समाधीच्या आवारात. मेलेल्या संगीताला एवढी गर्दी?

बायकांचं एका नावात संपवता येईल, पण दोन देते. १९२४ साली तेहरानच्या ग्रँड हॉटेलात कमर-उल-मुलूक वझीरी पडदा न घेता पुरुषांसमोर उभी राहून गायली. मागे तार वाजवत होते तिचे गुरू मुर्तझा नेयदावूद, ज्यू घरातले. 'मुर्ग-ए-सहर' या गाण्याची चाल त्यांची. शजरियानच्या मैफलीच्या शेवटी लोक हटकून तेच मागत. शंभर वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये गायिका परस्तू अहमदी एका जुन्या सराईमध्ये प्रेक्षकांशिवाय, डोक्यावर काही न घेता गायली आणि व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. तिला अटक झाली, मग सोडलं. पुरुषांसमोर एकट्या बाईनं गायला तिथे आजही मनाई आहे. गोषा आणि पडदा हे शब्द गाण्याच्या कामाला लावायचे की बाईला झाकायच्या, हे भांडण तिथे अजून चालू आहे. ज्या भांडतायत त्यांनाच 'कधी गायल्याच नाहीत' म्हणायचं?

बॉलिवूडची उचल म्हणणाऱ्यानं इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या सोतेचं, म्हणजे अता एबतेकारचं, एखादं रेकॉर्डिंग दहा मिनिटं ऐकून दाखवावं. संतूर आणि सेतार यांना तो इलेक्ट्रॉनिक आवाजांच्या असं अंगावर घालतो की माझ्या आईनं स्पीकर फाटला समजून बंद केला होता. मलाही सगळं आवडत नाही. पण उचल? अलीरेझा मशायेखी १९६० च्या दशकात युरोपात इलेक्ट्रॉनिक संगीत शिकत होते. १९७१ मध्ये ग्रीक-फ्रेंच संगीतकार झेनाकिसनं पर्सेपोलिसच्या भग्नावशेषांत टेपवरची रचना वाजवली, शिराझच्या महोत्सवासाठी. दारिउश दौलतशाहींनी १९८५ मध्ये तार, सेतार आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचा अख्खा अल्बम काढला. अलीझादेंचा मुलगा सबा कमांचे (गजानं वाजवायचं तंतुवाद्य) घेऊन आज तेच पुढे नेतोय. मला सर्वांत जवळचं मात्र कैहान कल्होरचं कमांचे आणि शुजात हुसेन खाँची सतार. १९९० च्या दशकात दोघांनी 'गझल' नावाचा गट केला. कोणी कुणाचं चोरलं हे न विचारता दोघं वाजवत बसतात.

मामाला मी हे सगळं ऐकवलं नाही. फॉरवर्डला उत्तर म्हणून लांबलचक मेसेज पाठवला तर तो वाचत नाही, मीही नसता वाचला. गेल्या रविवारी मैत्रिणीला घेऊन मिरजेला गेले. तिनं शूरचा दरामद तोंडानं गाऊन दाखवला. मामा सेतार मांडीवर घेऊन बसला, पडद्याचा दोरा सैल केला, सरकवला, तार छेडली. ती मान हलवायची. पुन्हा सरकवला. चौथ्या-पाचव्या खेपेला ती "हां" म्हणाली. मामानं तो सूर डोळे मिटून पुन्हा पुन्हा वाजवला, मग मला म्हणाला, "तिला विचार, हा धरून ठेवायचा की दरबारीच्या गंधारासारखा झुलवायचा?"

"धरून," ती म्हणाली. मामानं कानावरची पेन्सिल काढून दांडीवर बारीक खूण केली आणि पुढच्या पडद्याला हात घातला.