‘मलम आजच फेकून द्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘मुलाच्या एक्झिमावर (इसबावर) स्टेरॉइडचं मलम लावू नका. त्वचा कायमची पातळ होते, सवय लागते. आजच बंद करा. मग पुरळ वाढलं तरी घाबरू नका, विष बाहेर पडतंय. दूध-गहू तोडा.’ माझ्या लेकीचं मलम मी असंच एका रात्रीत बंद केलं होतं. आठवड्याभरात तिच्या उशीच्या अभ्र्यावर रोज सकाळी रक्ताचे ठिपके दिसायला लागले.

त्वचा पातळ होते का? होते, पण कोणत्या मलमाने, कुठे आणि किती दिवस लावल्यावर, ते मेसेज सांगत नाही. सौम्य १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन आणि अतिशय जोरकस क्लोबेटासोल, दोन्ही स्टेरॉइडच, पण ताकदीत शेकडो पटींचा फरक. क्लोबेटासोल चेहऱ्यावर किंवा जांघेत महिनोन्महिने चोळलं तर नुकसान होणारच. योग्य ताकदीचं मलम चट्ट्यापुरतं, मोजके दिवस लावणं ही वेगळी गोष्ट आहे. आणि खाजवून खाजवून चामड्यासारखी जाड झालेली त्वचा मलमाने नाही, आजाराने होते.

‘सवय’ म्हणतात त्यात तथ्य आहे. जोरकस मलम दीर्घकाळ लावून अचानक थांबवलं की काहींची त्वचा लालभडक होऊन जळजळते. ब्रिटनच्या औषध नियामकानेही २०२१ मध्ये याबद्दल सावध केलं. पण मग ‘आजच बंद करा’ हा सल्ला कसा चालेल? डॉक्टरांच्या देखरेखीखाली मलम हळूहळू कमी करायला हवं.

सगळ्यात जास्त राग येतो तो ‘विष बाहेर पडतंय’चा. विष वगैरे काही नसतं, दाह परत उसळलेला असतो. फाटलेल्या त्वचेतून जंतू शिरतात, पिवळट खपल्या धरतात. दुखरे फोड झुपक्याने उठले, सोबत ताप असेल, तर तो हर्पिसचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. मेसेजवर विश्वास ठेवणारी आई मात्र घरी वाट बघत बसते.

दूध-गव्हाचं थोडक्यात: तीव्र एक्झिमा असलेल्या काही मुलांना अन्नाची अ‍ॅलर्जी असते, पण तपासणीशिवाय पदार्थ तोडले तर मुलाची वाढ खुंटू शकते.

स्टेरॉइड कमी व्हावं असं मलाही वाटतं. पण भीतीपोटी आपण नखभर मलम लावतो, चट्टा अर्धवट दबतो, चार दिवसांनी पुन्हा तेच. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेलं मलम सुमारे अर्धा ग्रॅम भरतं आणि मोठ्यांच्या दोन पंज्यांएवढ्या जागेला पुरतं. लाली गेली म्हणून थांबायचं नाही, हाताला खरखर लागेनाशी व्हायला हवी. मग वारंवार उठणाऱ्या जागांवर आठवड्यातून दोनच दिवस, आणि मॉइश्चरायझर रोज, भरपूर. दोन वर्षांपुढच्या मुलांच्या चेहऱ्यासाठी स्टेरॉइड नसलेलं टॅक्रोलिमस मलम आहे. तरीही आटोक्यात येत नसेल तर डॉक्टरांना डुपिलुमॅब या इंजेक्शनबद्दल विचारा. अमेरिकेत २०२२ पासून त्याला सहा महिन्यांच्या बाळापासून परवानगी आहे.

आमच्याकडे आता शनिवार-रविवार, दोन्ही कोपरांच्या खळगीत मिळून एक पेरभर मलम. बाकी पाच दिवस नुसतं मॉइश्चरायझर. अभ्रा स्वच्छ असतो.