रविवारचं ड्रिल

ठाण्यात काय किंवा वाशी-नेरुळला काय, सोसायटीच्या सभेत ड्रिलचा विषय हटकून निघतो. नोटीस ठरलेली: ठोकाठोकी सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते संध्याकाळी ६, मध्ये २ ते ४ बंद, रविवारी पूर्ण बंद. आणि तिच्या बाजूने ठेवणीतला दाखला परदेशाचा, ‘जर्मनीत रविवारी कुणी खिळासुद्धा ठोकत नाही.’

खरं आहे. रविवारच्या विश्रांतीला इथे, म्हणजे जर्मनीत, थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ लोक मनावर घेतात. (रात्रीची हीच वेळ आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतही आहे, पण तो दाखला सभेत कुणी देत नाही.) मात्र जर्मनीतल्या बहुतेक नोकरदारांना शनिवार मोकळा असतो, आणि आठवड्यातही संध्याकाळी उजेड असताना घरी पोचणारे बरेच. घोडबंदर रोडवरून स्टेशन आणि तिथून लोकलने दादर गाठणाऱ्याने फळी कधी लावायची? मग तो दुपारी माणूस बोलावतो आणि भोक कुठे पडलं ते रात्री बघतो. पंधरा दिवस चालणारी टाइल्सची तोडफोड आणि पाच मिनिटांची चार भोकं यांना एकच नियम लावू नये. रविवारी ११ ते १ अशी दोन तासांची सवलत लहान कामांना द्यावी, असं माझं मत आहे.

दुसरा दाखला याच्या उलट असतो: ‘तिकडे सगळे सगळं स्वतः करतात, आपल्याला मेला आळस.’ यात कौतुकासारखं फारसं काही नाही. इथे प्लंबर महाग आहे आणि लवकर येत नाही, म्हणून लोक हातात पाना घेतात. ठाण्यात नाक्यावर माणूस मिळत असताना पैसे वाचवायला हे करू नये. पण दोन स्क्रूंसाठी तो येत नाही, आला तर घाईत असतो, आणि भिंत कसली आहे हे बघत नाही. ते आपल्याला कळायला हवं.

भिंती मुख्यतः तीन प्रकारच्या. जुन्या नौपाड्यात किंवा सिडकोच्या जुन्या इमारतींत विटांच्या. नंतरच्या बऱ्याच इमारतींत सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या पांढुरक्या ब्लॉकच्या. नव्या टॉवरपैकी अनेकांत ‘मायवान’ पद्धतीच्या, म्हणजे खोल्यांमधल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या. ओळख भुकटीवरून पटते: लाल निघाली तर वीट, पांढरट निघाली आणि बिट (ड्रिलचं पुढचं टोकदार पातं) लोण्यात शिरल्यासारखं गेलं तर सिपोरेक्स, करडी निघाली आणि बिट अडून बसलं तर काँक्रीट. सुरुवातीची भुकटी मात्र प्लास्टरची असते, तिच्यावर जाऊ नका.

प्लास्टर साधारण १२ ते १५ मिमी असतं. फळी निखळून पडते ती बहुधा यामुळेच: आखूड प्लग अर्ध्याहून जास्त प्लास्टरमध्येच राहतो. आपण ज्याला गिट्टी किंवा रावल प्लग म्हणतो, तो आजचा फुगणारा नायलॉनचा प्लग आर्टुर फिशर या जर्मन संशोधकाने १९५८ साली काढला. तो पकडतो तो भिंतीच्या गाभ्यात. तेव्हा प्लगची लांबी अधिक प्लास्टर अधिक १० मिमी इतकं खोल भोक हवं. बिटावर तेवढ्या मापाला चिकटपट्टी गुंडाळा. विटेला ६ मिमी बिट, ६ मिमी प्लग, साडेचार मिमी जाडीचा स्क्रू, ड्रिलचा हॅमर (फिरता फिरता ठोकणारा मोड) चालू. भुकटी सायकलच्या पंपाने काढा. ती आत राहिली तर प्लग पूर्ण बसत नाही आणि स्क्रूबरोबर गोल फिरतो. भोक मोठं झालं तर त्यात माचिसच्या काड्या कोंबायची आपली जुनी रीत आहे. काड्या वाळून आक्रसतात आणि महिनाभरात फळी डुलायला लागते. एक नंबर मोठा प्लग घाला.

सिपोरेक्सवर हॅमर बंद ठेवायचा, बिट प्लगपेक्षा १ मिमीने लहान घ्यायचं आणि प्लग लांब, निदान ६० मिमीचा. हॅमर चालू राहिला तर भोकाच्या कडा ढासळतात. गिझर अशा भिंतीवर नुसत्या प्लगवर टांगू नका. पंधरा लिटरच्या गिझरमध्ये पाणीच पंधरा किलो. भिंतीच्या आरपार बोल्ट आणि पलीकडून लोखंडी पट्टी, नाहीतर जागा बदला. काँक्रीटला साधं ड्रिल पुरत नाही, रोटरी हॅमर, म्हणजे जास्त जोराने ठोकणारं मशीन लागतं. वीस-पंचवीस मिमीवर बिट एकदम थांबून टणटण वाजलं तर ती सळई आहे: जोर न लावता चार सेंटिमीटर बाजूला सरका. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि बाथरूममध्ये नळाच्या रेषेत भोक पाडायचंच नाही.

पावसाळ्याच्या बाबतीत तर परदेशी सल्ला सरळ उलटा पडतो. जर्मनीत बुरशी टाळायला दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा बदलायला सांगतात. थंडीत बाहेरच्या हवेत बाष्प कमी असतं. ती आत येऊन तापली की कोरडी होते. ठाण्यात जुलैत बाहेरची हवाच ओलीचिंब. खिडकी उघडून आपण दमट हवेला आवतण देतो. तिथे कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच-सात सेंटिमीटर पुढे ओढणं, पंखा, एसी असेल तर ‘ड्राय’ मोड, एवढंच चालतं.

ओल घरातल्या दमटपणाची की बाहेरून झिरपणारी, हे एका दिवसात कळतं. भिंतीवर फूटभर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडा टेपने घट्ट बंद करून लावा. चोवीस तासांनी थेंब खोलीच्या बाजूला असतील तर दोष हवेचा, प्लास्टिकच्या आतल्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येतेय. वरून रंग मारून ती थांबत नाही. पावसाचं पाणी बाहेरून झिरपत असेल, तर सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायची. प्लास्टिकचा फोटो काढून अर्जाला जोडा.

अर्जाआधी स्लायडिंग खिडकी मात्र तपासा. खालच्या ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओता. ते बाहेरच्या बाजूच्या लहान फटींतून लगेच निघून गेलं पाहिजे. तुंबलं तर फटींत धूळ आणि कबुतरांची पिसं आहेत. आतूनच बारीक तारेने मोकळ्या करा, बाहेर वाकू नका. कधी कधी या फटी ‘गळती’ समजून कारागिराने सिलिकॉनने बुजवलेल्या असतात, आणि पहिल्याच मोठ्या सरीत ट्रॅक भरून पाणी घरात येतं. सिलिकॉन लावायचं ते चौकट आणि भिंत यांच्या सांध्यात. तिथे ‘न्यूट्रल’ प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिमेंटवर नीट धरत नाही. जुनं पूर्ण खरवडून काढा, कारण जुन्यावर नवं चिकटत नाही. सांधा कोरडाठाक हवा, म्हणजे हे काम मे महिन्याचं.

नळाचं थोडक्यात. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चारेक लिटर. घराचा कॉक बंद करून नळ उघडा, स्पिंडल (मुठीखालचा फिरणारा भाग) काढा, तोच घेऊन दुकानात जा. मापं इतकी आहेत की अंदाजाने आणलेलं बसत नाही. टेफ्लॉन टेप आट्यांवर घड्याळाच्या दिशेने दहा-बारा वेढे. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना सुटून येते. वायरिंगला हात लावू नका. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा मुख्य स्विच) असेल तर त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबा आणि खटका पडतो का ते बघा.

हत्यारं घरोघरी हवीत असंही नाही. इथे जर्मनीत हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांत मशीन दिवसाच्या भाड्याने मिळतं, आणि इथली एखादी सोय उचलायचीच असेल तर ही उचलावी. दोनशे फ्लॅटच्या सोसायटीला एक रोटरी हॅमर, ६, ८ आणि १० मिमीची बिटं, एक पंप आणि गॉगल पुरे. वॉचमनच्या केबिनमध्ये वही, पाचशे रुपये डिपॉझिट, रविवारी ११ ते १.