हे खरबूज दुपारी चालणार नाही

फ्रान्सच्या खेड्यात भूक लागायची वेळ ठरलेली आहे. दुपारी बारा ते दोन. दोन वाजून पाच मिनिटांनी लागली, तर तो तुमचा प्रश्न. बाजार एकच्या सुमाराला गुंडाळला जातो, दोनच्या आधीच स्वयंपाकघरं आवरायला घेतात, बेकरीवाला शटर ओढून जातो तो चारनंतरच उगवतो, आणि सोमवारी तर कित्येक गावांत कुणी उगवतच नाही. एवढं सगळं निघण्यापूर्वी मला सांगण्यात आलं होतं. नवरा पुण्याचा असेल तर तो या सगळ्यात गावकऱ्यांच्या बाजूने उभा राहील, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

मी डोंबिवलीची. आमच्याकडे रात्री अकराला स्टेशनबाहेर कोथिंबीर मिळते, आणि दाबून, हुंगून, "इतकी कशी हो सुकलेली?" असं म्हणूनच ती घ्यायची असते. नवरा सदाशिव पेठेतला. 'एक ते चार बंद' हे त्याला बाळकडूतून मिळालेलं. दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हाँस प्रांतातली, ल्युबरों डोंगराच्या आसपासची गावं गाडीने फिरायची ठरली, तेव्हा त्याने आठवडी बाजारांचा तक्ता केला. गोर्द मंगळवार, लूरमारां शुक्रवार, आप्त शनिवार, लील-स्यूर-ला-सोर्ग रविवार. मला वाटलं, खरेदीची हौस. पण त्याला ओढ होती ती नियमांची.

पहिल्याच दिवशी गाडी लावताना त्याला निळी तबकडी मिळाली. पुठ्ठ्याची असते. आपण किती वाजता आलो ते काटा फिरवून आपणच दाखवायचं आणि ती काचेमागे ठेवायची. नवरा भारावून तिच्याकडे बघत राहिला. मग कळलं, 'फ्रान्समधली सर्वात सुंदर गावं' अशी रीतसर संस्थाच आहे, १९८२ सालची. गावाने अर्ज करायचा, तपासणीला सामोरं जायचं, लोकसंख्या २००० च्या वर असेल तर अर्जच बाद. "म्हणजे सुंदर आहोत असं आपणच म्हणून चालत नाही," तो म्हणाला. हे त्याने गोर्दकडे बघत म्हटलं की माझ्याकडे, ते मी विचारलं नाही.

पण खरा जीव जडला तो दारांवरच्या पाट्यांवर. बेकरीच्या काचेवर हाताने लिहिलेला कागद असतो: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत बंद. खाली सही. दिलगिरी असली तर असते, नसली तर नसते. नवऱ्याला फ्रेंच येत नाही, तरी प्रत्येक पाटी तो आधी बोट फिरवत वाचायचा, मग फोटो काढायचा. मी पोटात कावळे घेऊन मागे उभी. "अक्षर बघ," तो म्हणायचा, "ठाम आहे."

बाजारात तर तो माझा पहारेकरीच झाला. तिथे ठेल्यापाशी गेल्यावर आधी 'बोंझूर' म्हणायचं. भाव विचारायचा तो नंतर. आणि फळाला हात लावायचा नाही. काय हवं ते सांगायचं, विक्रेता निवडून देतो. लूरमारांच्या बाजारात जर्दाळूंचा ढीग समोर, आणि माझे हात पाठीमागे बांधलेले. सवयीने एक बोट पुढे गेलंच, तर विक्रेत्याच्या आधी नवरा खाकरला.

खरबूजवाली बाई साठीची असावी. "बोंझूर" झालं. एक खरबूज हवं, असं बोटाने सांगून झालं. तिने काहीतरी विचारलं. आम्ही दोघंही हसलो. तिने पुन्हा विचारलं, या वेळी हातवारे करून. कधी खाणार? आज की उद्या? आज म्हणताच पुढचा प्रश्न: दुपारी की संध्याकाळी? मी 'आत्ता' अशी खूण करणार, तेवढ्यात नवरा म्हणाला, "स्वार." संध्याकाळी. हा शब्द याने कधी पाठ केला देव जाणे. बाईने एक खरबूज उचलून हातात तोललं, नाडी बघावी तसा देठाशी अंगठा टेकवला, बुडाकडून हुंगलं आणि परत ठेवलं. दुसरं उचललं, तेही ठेवलं. तिसऱ्याला मान डोलवली. ते कागदात गुंडाळून तिने नवऱ्याच्या हाती दिलं. माझ्या दिलं नाही.

हा मुलूखच खरबुजांचा आहे. जवळच्या काव्हायों गावाने तिथल्या वाचनालयासाठी कादंबरीकार अलेक्झांडर द्युमाकडे पुस्तकं मागितली होती, १८६४ साली. त्याने कळवलं, देतो, पण मला दरवर्षी बारा खरबुजं पाठवा, हयातभर. गावाने कबूल केलं. मानधनाचा इतका रसाळ प्रकार मराठी लेखकाच्या वाट्याला आल्याचं ऐकिवात नाही. नवऱ्याचं मत वेगळं. "बारा म्हणजे महिन्याला एक नव्हे," तो म्हणाला, "हंगामातच यायची सगळी. त्याने विचार केलेला दिसत नाही."

जेवायला बोन्यूला जायचं होतं. वळणावळणाचा घाट, मग डोंगरउतारावर चिकटलेलं गाव, गाडी खाली, जेवण वर. शिवाय वरच्या जुन्या चर्चच्या ८६ पायऱ्या 'जेवणाआधी उरकून घेऊ' ही सूचना कुणाची, ते सांगायला नको. खाली आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. हॉटेलची मालकीण टेबलं पुसत होती. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे नुसतं पाहिलं. "बरोबर आहे तिचं," नवरा म्हणाला. दुसऱ्या हॉटेलात खुर्च्या उलट्या टेबलांवर. किराणा बंद. बेकरी बंद.

संग्रहालय मात्र उघडणार होतं. या गावात पावाचं संग्रहालय आहे. खरंच आहे. उपाशीपोटी मी तिथली जुनी भट्टी बघितली, पीठ मळायची अवजारं बघितली, साचे बघितले. पाव सोडून पावाचं सगळं होतं.

गाडीपाशी आलो. डिकीत ते खरबूज. उन्हाने आतून असा वास सुटला होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"काप," मी म्हटलं.

"संध्याकाळी सांगितलंय आपण."

"तिला कोण सांगायला जाणार आहे?"

"प्रश्न तो नाही. तिने हिशेब केलाय त्या खरबुजाचा."

मी सुरी शोधू लागले. सुरी याच्या खिशात होती आणि खिशावर याचा हात होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाने माझ्याशी एका अनोळखी बाईची बाजू घेऊन इतक्या तत्त्वनिष्ठेने भांडण केल्याचं मला आठवत नाही. शेवटी बेकरी उघडली, तेव्हा रांगेत सर्वांत पुढे मी होते. 'बागेत' नावाचा तिथला लांबलचक पाव मी दुकानाबाहेरच टोकापासून मोडून खाल्ला. तिथले लोकही तसंच खातात, म्हणजे निदान एक तरी स्थानिक रीत मला साधली. मांस नसलेलं दुसरं काही त्या दुकानात उरलंही नव्हतं.

रात्री घराच्या अंगणात खरबूज कापलं. दुर्दैवाने ते अप्रतिम निघालं. केशरी, रसाने थबथबलेलं, सालीपर्यंत गोड. थोडं पांचट निघालं असतं तर पुढची सगळी सहल माझ्या हातात आली असती. नवरा काही बोलला नाही. त्याने फक्त बिया नीट गोळा करून बशीच्या कडेला लावल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार, आप्तचा बाजार. तिथे खरबूजवाला होता, मिशाळ, घाईत. नवऱ्याने आदल्या रात्री मोबाइलवरून जुळवलेलं अख्खं वाक्य त्याच्यापुढे ठेवलं: आजच, पण संध्याकाळी नाही, रात्री साडेआठला.

माणसाने वर पाहिलंही नाही. हातातलं खरबूज खाली ठेवलं आणि शेजारचं उचललं.