प्रतिक्रियेला उत्तर: कामेन रायडर आणि चोरीचा माल

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: तोएई या जपानी निर्मिती कंपनीकडे ‘कामेन रायडर’सारख्या, मुखवटाधारी वीरांच्या जुन्या टीव्ही मालिकांच्या फिल्म आहेतच. चाहते या मालिका गोळा करून, सबटायटल्स लावून परस्पर फिरवतात, त्याला ‘जतन’ म्हणणं म्हणजे चोरीला सोवळं नेसवणं. आणि मुळात रबरी राक्षसांच्या पोरकट मारामाऱ्या जपायच्या कशाला?

कायद्याचं आधी उरकतो. तिथं तुम्ही बरोबर आहात. जपानमध्ये अशा चित्रीकृत मालिकांवरचा हक्क प्रसिद्धीपासून ७० वर्षं टिकतो, म्हणजे १९७१च्या ‘कामेन रायडर’वर २०४१ अखेरपर्यंत. चाहत्यांचा हेतू कितीही चांगला असो, त्याने परवानगी मिळत नाही.

पण फिल्म डब्यात सुखरूप असली म्हणून मालिका लोकांपर्यंत पोचते असं नाही. ‘कामेन रायडर’चे ९८ भाग इंग्रजी सबटायटल्ससह अमेरिकेत अधिकृतपणे बघायला मिळाले ते थेट २०२० साली. तोएईने यूट्यूबवर जगभरासाठी जुन्या मालिकांचे पहिले दोन-दोन भाग टाकायला घेतले तेही त्याच वर्षी. तोवर जपानी न येणाऱ्याने काय करायचं होतं? लेझरडिस्क, डीव्हीडी, जपानमधल्या ‘तोएई चॅनल’ या टीव्ही वाहिनीचं रेकॉर्डिंग, हाती लागेल ते चाहत्यांनी गोळा केलं, संवाद उतरवले, वेळा जुळवल्या. फिल्म सेकंदाला २४ चौकटींची (फ्रेम्सची), जपानचा टीव्ही जवळपास ३०चा. ही तफावत भरून काढताना वेगवान हाणामारीत चित्राच्या कडा कंगव्यासारख्या फाटतात. तेही या लोकांनी फुकटात निस्तरलं.

आता ‘पोरकट’बद्दल. मालिका नुकतीच रुळत होती आणि नायक हिरोशी फुजिओका चित्रीकरणात मोटरसायकलवरून पडला. पाय मोडला. निर्मात्यांनी आधी त्याची जुनी दृश्यं जोडून, दुसऱ्याच्या आवाजात वेळ मारून नेली. मग चौदाव्या भागात ताकेशी सासाकीला दुसरा रायडर म्हणून उभं केलं. पहिला रायडर धावत्या मोटरसायकलवर कमरेच्या पट्ट्यात वारा भरून रूप बदलायचा. सासाकीकडे तेव्हा मोटरसायकलचं लायसन्सच नव्हतं! म्हणून तो जमिनीवर उभा राहून हात फिरवतो आणि ‘हेनशिन’ (म्हणजे रूपांतर) म्हणून ओरडतो. आजही नवा रायडर आला की त्याची पोझ कशी आहे, हे लोक आधी बघतात. अडचणीतून निघालेली ही पळवाट डोळ्यांनी बघायची तर मधले भाग क्रमाने आणि मूळ आवाजात लागतात. पहिले दोन भाग पुरत नाहीत, आणि डबिंगमध्ये तो उसना आवाज ओळखूच येत नाही.

चाहत्यांमुळे मालकाचं नुकसानच होतं, हेही सरसकट खरं नाही. हवाईतल्या होनोलुलूच्या किकू वाहिनीवर १९७४ साली तोएईचीच ‘किकायदा’ ही मालिका लागली. ती बघून वाढलेल्या पोरांची ओढ मोठेपणीही इतकी टिकली की मालिका पुन्हा दाखवली गेली, सबटायटल्ससह अधिकृत डीव्हीडी निघाल्या, आणि २००२ साली तिथल्या गव्हर्नरांनी तिच्या नावाने एक दिवस जाहीर केला.

मात्र अधिकृत डिस्क हाताशी असतानाही फाइली फिरवत बसणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. त्यांना चोर म्हणा, माझी हरकत नाही.

आणि एवढं सगळं सुनावून झाल्यावर शेवटी तुम्ही हळूच विचारलंय, ‘बघायचंच झालं तर पुढचे भाग कुठे मिळतील?’ लिंक देणार नाही. तोएईच्या यूट्यूब चॅनलवरचे दोन भाग आधी बघून घ्या, तिसऱ्याचं मग बोलू.