सायप्रस झाडांच्या दलदलीत वाइड लेन्स बॅगेतच राहू द्या

डॅलस-ह्यूस्टनकडच्या मंडळींनो, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत फोटो काढायला कॅडो लेक या दलदलीच्या तळ्यावर जायचा बेत असेल तर तो दोन-तीन आठवडे अलीकडे आणा. बाल्ड सायप्रस सूचिपर्णी असूनही पानगळीचं झाड आहे. टेक्सास-लुईझियानाच्या सीमेवर ते साधारण नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तांबूस होतं. मग एखादा जोरदार वारा-पाऊस झाला की उरतात नुसते खराटे.

एअरबोट, म्हणजे मागे मोठा पंखा लावलेली बोट, अजिबात नको. तो पंखा सुरू झाला की बगळे केव्हाच उडालेले असतात. कयाक किंवा संथ चालणारी छोटी बोट घ्या आणि उजाडायच्या अर्धा तास आधी पाण्यात उतरा. निरभ्र, थंड, वारा नसलेल्या रात्रीनंतर धुकं मिळण्याची शक्यता जास्त. ऊन चढलं की ते विरतं. बोटीत ट्रायपॉड नेऊ नका, बोट हलते तसा तोही हलतो. कॅमेरा हातात धरा, शटर १/२५० सेकंदापेक्षा मंद करू नका, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत खुशाल वाढवा. थोडा नॉइज (फोटोतले दाणे) चालतो, हललेला फोटो नाही.

आता लेन्स. दलदल म्हणजे फांद्या, झाडांवर लोंबणाऱ्या स्पॅनिश मॉस वनस्पतीच्या जटा आणि पाण्यातून वर आलेले मुळांचे सुळके यांचा नुसता गुंता. रुंद दृश्य टिपणारी वाइड लेन्स तो सगळा गुंता फ्रेममध्ये घेते आणि झाडं मात्र काडीएवढी दिसतात. ७०-२०० मिमीच्या टेलिफोटो झूम लेन्सने दोन-तीन खोडं निवडा, मागे धुकं येईल असा कोन शोधा. ऑटोफोकस मॉसवर अडकतो, म्हणून सिंगल पॉइंट (फोकसचा एकच बिंदू) ठेवून तो खोडाच्या कडेवर टेका. धुक्यात कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो, फोटो करडा येतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) +२/३ ते +१ द्या. काळ्या पाण्यावरच्या पांढऱ्या बगळ्याला याच्या बरोबर उलट, -१ पासून सुरुवात, नाहीतर पिसांतला तपशील जातो.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, सरसकट लावून ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. जॉर्जियातल्या ओकेफेनोकीसारख्या ठिकाणी कुजणाऱ्या पानांतल्या टॅनिन या द्रव्यामुळे पाणी काळपट असतं आणि प्रतिबिंब हाच अर्धा फोटो असतो. फिल्टर फिरवला की तोच पुसला जातो, शिवाय पहाटेच्या तुटपुंज्या उजेडातले दीड-दोन स्टॉप जातात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). ओल्या पानांची चमक मारायची असेल तेवढ्यापुरता तो वापरा.

डासांसाठी डीट हे डासरोधक रसायन चोपडलेल्या हातांनी कॅमेरा धरू नका; डीटने प्लास्टिक आणि रबर विरघळतं. त्याऐवजी पिकारिडिन असलेलं डासरोधक घ्या. उन्हाळ्यात एसी खोलीतून निघताना कॅमेरा बॅगेत बंदच ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या, नाहीतर काचेवर वाफ धरते.

ॲलिगेटरपासून (मगरीसारखा प्राणी) साठेक फूट लांब राहा, जून-जुलैपासून घरट्यांजवळ तर आणखी लांब. फुसकारा ऐकू आला तर फोटो सोडा आणि मागे व्हा. जवळून फोटो मिळावा म्हणून काही बोटवाले खायला टाकतात. फ्लोरिडात हा कायद्याने गुन्हा आहे. त्याने जनावर माणसाच्या जवळ यायला शिकतं आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं. बुकिंग करतानाच विचारा. खाऊ घालत असतील तर दुसरी बोट बघा.