अर्ध्या इंचाचा खेळ

माळा आवरताना मेकॅनोचा, म्हणजे भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या नट-बोल्टांनी जोडून गाड्या-क्रेन बनवायच्या खेळण्याचा, जुना डबा हाती लागला की घरात दोनच सूचना येतात. एक, भंगारवाल्याला देऊन टाका. दुसरी, पुसून शोकेसमध्ये ठेवा. माझा दोन्हींना विरोध आहे. डबा उघडा, घासूनपुसून तयार करा आणि घरातल्या पोरांच्या हाती द्या. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची पट्टी आजही काम देते. ती का देते हे कळलं की बाकीचा सगळा खेळ कळतो.

फ्रँक हॉर्नबी हा लिव्हरपूलचा माणूस. त्याने १९०१ साली या खेळण्याचं पेटंट घेतलं, १९०७ मध्ये त्याचं नाव मेकॅनो झालं. हॉर्नबीने एक माप धरलं आणि ते सोडलं नाही. पट्टी अर्धा इंच रुंद, आणि एका भोकाच्या मध्यापासून पुढच्या भोकाच्या मध्यापर्यंत अर्धा इंच. साडेपाच इंची पट्टीला ११ भोकं, साडेबारा इंचीला २५. रंग बदलत राहिले. आधी निकेलचा मुलामा, १९२६ पासून लाल-हिरवा, १९३४ पासून निळा-सोनेरी, युद्धानंतर पुन्हा लाल-हिरवा, १९६४ ला पिवळा-काळा. १९७९ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरचा कारखानाच बंद पडला. या सगळ्यात भोकांमधलं अंतर हललं नाही. निकेलची पट्टी निळ्या-सोनेरी पट्टीवर ठेवा, भोकावर भोक बसतं.

खेळताना जे बिघडतं तेही बहुतेक वेळा या मापापाशीच बिघडतं.

पहिली चूक चौकटीत होते. चार पट्ट्या, चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्यात एक बोल्ट. कितीही आवळा, चौकट एका बाजूला झुकते, कारण एकाच बोल्टवर धरलेली पट्टी फिरणारच. मग पोरं तिरकी पट्टी लावायला जातात आणि भोकं जुळत नाहीत. जोर करून बसवली की पट्टीला बाक येतो. दोन भोकांमधल्या अंतराला एक घर म्हणू. चौकट चार बाय चार घरांची असेल तर कर्ण ५.६६ घरांचा येतो आणि तिथे भोकच नसतं. त्याऐवजी एक बाजू तीन घरांची घ्या, दुसरी चार घरांची. कर्ण बरोब्बर पाच घरांचा. घरांपेक्षा भोक एक जास्त, म्हणजे ४, ५ आणि ६ भोकांच्या पट्ट्या: दोन इंची, अडीच इंची, तीन इंची. तिन्ही बोल्ट नुसत्या बोटांनी आत जातात आणि पाना लागायच्या आधीच कोपरा काटकोनात उभा राहतो. मोठ्या क्रेनच्या बुडाला घरं दुप्पट करा, ६, ८ आणि १०, म्हणजे ७, ९ आणि ११ भोकं. पायथागोरसचं प्रमेय सातवी-आठवीत फळ्यावर येतं. हाताला ते त्याच्या आधी कळलेलं असलं तर फळ्यावर ओळखीचं वाटतं.

एक नियम मात्र पाळायचाच. सगळे बोल्ट आधी बोटांनीच बसवायचे, पाना शेवटी. पहिलाच कोपरा करकचून आवळला तर चौथ्या कोपऱ्यात भोक अर्धा मिलिमीटर चुकतं.

जिथे जोड हलता हवा तिथे एका नटावर भागत नाही. आवळला तर सांधा जाम, ढिला ठेवला तर दहा हेलकाव्यांत नट सुटून जमिनीवर. बोल्ट दोन्ही पट्ट्यांतून घाला, पहिला नट टेकवून किंचित मागे फिरवा, त्यावर दुसरा नट चढवा. मग पहिला नट पान्याने धरून दुसरा त्याच्यावर आवळा. दोघं एकमेकांना धरून बसतात आणि पट्टी मोकळी फिरते.

दातेरी चाकांचं गणित तर पाहत राहावं असं आहे. मेकॅनोचे गिअर ३८ डायमेट्रल पिचचे, म्हणजे चाकाच्या व्यासाच्या दर इंचामागे ३८ दात. त्यामुळे दोन चाकांच्या दातांची बेरीज ७६ आली की त्यांच्या दांड्यांमधलं अंतर नेमकं एक इंच, म्हणजे दोन घरं. १९ दातांचं पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाक, आणि ५७ दातांचं चाक घेतलं की वेग तिपटीने कमी. १९ आणि ९५ घेतले तर पाचपटीने, अंतर दीड इंच. १९ आणि १३३ घेतले तर सातपटीने, अंतर दोन इंच. प्रत्येक अंतर भोकावरच पडतं. २५ आणि ५० ची बेरीज ७५ भरते, म्हणून ती जोडी एका इंचावर किंचित सैल चालते. तिची थोडी खडखड ऐकून चाक झिजलं असं समजू नका.

चाकं अडकत असतील तर दात तपासण्याआधी दांडा तपासा. चाकं काढून नुसता दांडा फिरवा. तोच जड फिरत असेल तर दोन बाजूंच्या पट्ट्या सरकल्या आहेत. त्यांचे बोल्ट ढिले करा, दांडा दोन्ही भोकांतून आरपार घाला, तो सहज फिरतोय हे बघत बघत आवळा. आणि दांडा कधीही एकाच पट्टीच्या भोकावर सोडू नका. पट्टी जेमतेम मिलिमीटरभर जाड; तेवढ्याशा आधारावर दांडा डुलतो आणि दात सुटतात. निदान दोन पट्ट्या, मध्ये शक्य तेवढं अंतर.

या पट्ट्यांवर खरं विज्ञानही झालं आहे. १९३४ मध्ये मँचेस्टरला डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोच्या भागांतून डिफरन्शियल ॲनालायझर उभा केला, म्हणजे विकलक समीकरणं सोडवणारं यांत्रिक गणनयंत्र. त्यात फिरत्या तबकडीवर एक छोटं चाक टेकलेलं असतं. ते किती फिरलं यावरून बेरीज जमत जाते. पण त्या चाकाची ताकद इतकी कमी की पुढचे दांडे त्याने ओढायला जावं तर ते तबकडीवरून घसरतं. उपाय दोरीचा होता. फिरत्या ड्रमवर दोरीचे वेढे घ्यायचे. एका टोकाला त्या चाकाने हलकासा ताण दिला की दुसऱ्या टोकाला ड्रमच्या जोराने ओढ मिळते. त्या यंत्रावर अणूच्या रचनेची समीकरणं सोडवली गेली. खेळण्याचं माप चोख होतं म्हणूनच हे जमलं.

आता डब्याची डागडुजी. हरवलेल्या बोल्टांच्या जागी लोक हार्डवेअरच्या दुकानातून एम-४ चे, म्हणजे चार मिलिमीटर जाडीचे, बोल्ट आणतात. पट्ट्या जोडायला बोल्ट आणि नट दोन्ही एम-४ चे असतील तर काहीच हरकत नाही. पण जुना मेकॅनोचा बोल्ट ५/३२ इंची, व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या आट्यांचा, इंचाला ३२ आटे. एम-४ ची जाडी जवळजवळ तीच, आटे मात्र बारीक. चाकाच्या पितळी बॉसमध्ये, म्हणजे स्क्रूने दांडा धरून ठेवणाऱ्या मधल्या भागात, तो पहिले एक-दोन वेढे गोडीत जातो आणि मग घट्ट होतो. तिथेच थांबा. जोर केलात तर पितळेचे आटे जातात आणि ते चाक पुन्हा दांड्यावर धरत नाही. बॉससाठी मूळ आट्यांचाच स्क्रू शोधा.

गंजलेल्या पट्ट्या रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, सकाळी पितळी तारेच्या ब्रशने घासा. रंगवलेल्या पट्टीला थिनर अजिबात नको, जुना रंग सुटून येतो. कोमट साबणपाणी लावा आणि लगेच कोरडी करा. जस्ताचा मुलामा असेल तर व्हिनेगरपासून लांब राहा, गंजाबरोबर मुलामाही जातो. वाकलेल्या पट्टीवर हातोडी मारू नका. भोकापाशी धातू ताणला जातो आणि भोक लांबट होतं. सपाट लाकडी फळीवर ठेवून अंगठ्याने थोडं थोडं उलटं वळवत आणा. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात.

आपल्याकडच्या माळ्यांवर भारतीय बनावटीचा मेकॅनिक्सचा डबाही निघतो. दोन डबे एकत्र करण्याआधी दोन्हींतल्या लांबात लांब पट्ट्या एकमेकींवर ठेवा, पहिल्या भोकात दांडा घाला आणि शेवटच्या भोकातून उजेडाकडे बघा. पूर्ण गोल दिसला तर बिनधास्त मिसळा. चंद्रकोर दिसली तर वेगळे ठेवा, कारण घरामागे दशांश मिलिमीटरचा फरक २४ घरांवर जवळजवळ अडीच मिलिमीटर होतो. आटेही तपासा, नट बोटांनी शेवटपर्यंत जायला हवा.

हल्लीच्या, एकच मॉडेल बनवायच्या सेटांबद्दल माझी तक्रार आहे. त्यात त्या गाडीपुरतेच वळणदार प्लास्टिकचे भाग असतात, आणि गाडी मोडली की त्या भागांचं दुसरं काही होत नाही. ११ भोकांची पट्टी आज क्रेनचा हात असते, उद्या पुलाचा कठडा.

कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी जून लागायच्या आत एवढं करा: मूळ पुठ्ठ्यावर दोऱ्याने बांधलेले भाग सोडवून घ्या. पुठ्ठा ओल धरतो आणि पट्टीला मागच्या बाजूने गंज चढतो, जो समोरून दिसत नाही. पुठ्ठा वेगळा जपा, भाग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका.