संगणकाची उबुंटू कार्यप्रणाली सुरू न होण्याच्या तक्रारीस दुकानातर्फे उत्तर

सप्रेम नमस्कार. “डिस्क गेली असे आधी सांगितले, तीन दिवस संगणक ठेवून घेतला आणि शेवटी एका कमांडचे ११०० रुपये लावले,” ही आपली तक्रार वाचली. तिच्यातला पहिला मुद्दा पूर्णपणे खरा आहे आणि त्याबद्दल मी आपली मनापासून माफी मागतो.

पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’ (कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, अडकल्याचा संदेश) आणि त्यापुढे ‘अननोन ब्लॉक ०,०’ (मूळ डिस्क सापडत नसल्याची खूण) दिसताच आमच्या काउंटरवरील मुलाने डिस्क खराब झाल्याचा निष्कर्ष काढला. वास्तविक ग्रबचा, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेन्यू त्याच डिस्कवरून उघडत होता. एवढे लक्षात घेतले असते, तर नव्या एसएसडी डिस्कच्या खर्चाची धास्ती आपल्याला बसली नसती.

खरे कारण निराळे होते. आपल्या उबुंटूचे बूट पार्टिशन (डिस्कवरील, सुरू होण्याच्या फायलींचा वेगळा भाग) जुन्या कर्नलांनी भरून गेले होते, त्यामुळे अपडेटच्या वेळी नवा कर्नल बसला, पण त्याची इनिट्रॅमएफएस फाइल (सुरू होताना कर्नलला लागणारे प्रोग्राम असलेली) जागेअभावी तयारच झाली नाही. उबुंटूमध्ये आपल्यासारख्या एनव्हीएमई डिस्कचा (वेगवान एसएसडीचा) ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, कर्नलच्या पोटात नसतो. मूळ फाइल सिस्टिम जोडली जाण्यापूर्वी तो याच फाइलमधून मॉड्यूल (कर्नलला वेगळा जोडायचा भाग) म्हणून लोड व्हावा लागतो. फाइलच नसल्याने कर्नल चालू झाला, परंतु त्याला डिस्क सापडली नाही.

ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडून आम्ही संगणक चालू केला, वापरात नसलेले कर्नल काढले, इनिट्रॅमएफएस पुन्हा तयार करून घेतली आणि ग्रब अद्ययावत केला. हे काम अर्ध्या तासाचे होते, हे मान्य. मात्र त्याआधी टॉवेलांच्या डिझाइनच्या फायली आणि हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले, कारण प्रत हाताशी नसताना कोणाच्या बूट पार्टिशनला हात लावणे मला पटत नाही. मधला एक दिवस सिद्धेश्वर यात्रेतील अक्षता सोहळ्यामुळे दुकान बंद होते; ते आपल्याला आधीच कळवायला हवे होते. आपण पहिल्यांदा फोन केलात, तेव्हाच जुना कर्नल निवडून पाहण्यास सांगितले असते, तर कारखान्याचे काम त्याच सकाळी सुरू झाले असते, याची मला फार चुटपुट लागली आहे.

११०० रुपयांपैकी ५०० फायलींच्या प्रतीचे, ३०० दुरुस्तीचे आणि ३०० डिस्क तपासणीचे आहेत. ती तपासणी आमच्याच चुकीच्या अंदाजामुळे करावी लागली, म्हणून ते ३०० रुपये परत करत आहोत. पावती दाखवून ते केव्हाही घेऊन जावेत. यापुढे अपडेट करताना जागा अपुरी असल्याचा संदेश आला, तर संगणक रीस्टार्ट न करता आम्हाला फोन करावा; त्या सल्ल्याचे पैसे घेतले जाणार नाहीत.